दोर धरणारे हात

कोल्हापूर शहराच्या वायव्येस सुमारे सतरा-अठरा किलोमीटरवर एक उंच डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर वाडी रत्नागिरी हे गाव वसले असून तेथेच जोतिबाचे प्रसिद्ध देवालय आहे. काळ्या पाषाणात घडविलेली ही मंदिरे, त्यांची उंच शिखरे आणि पायऱ्यांपासून कळसापर्यंत पसरलेला गुलालाचा रंग पाहून यात्रेकरूचे मन प्रसन्न होते. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे आणि महाराष्ट्रातील असंख्य शेतकरी कुटुंबांचे हे कुलदैवत होय. डोंगराच्या माथ्यावर उभे राहिले म्हणजे एका बाजूस पन्हाळगड दिसतो आणि दुसऱ्या बाजूस उसाच्या हिरव्यागार मळ्यांतून वाहणाऱ्या पंचगंगेचे खोरे दृष्टीस पडते.

चैत्री पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी गावोगावच्या सासनकाठ्या डोंगरावर येतात. सासनकाठी म्हणजे रंगीत वस्त्रांनी सजविलेला उंचच उंच वेळू. एक धट्टाकट्टा गडी ती काठी कमरेशी पेलून धरतो आणि वाद्यांच्या तालावर नाचवितो. ‘चांगभलं’ असा एकच गजर होतो. पाहणाऱ्यांचे डोळे काठीच्या शेंड्यावर आणि ती पेलणाऱ्या गड्यावर खिळून राहतात. परंतु काठीच्या शेंड्याकडून खाली आलेले दोरही तेथे असतात. ते दोर ताणून धरणारी माणसे चहूबाजूंस उभी असतात. काठी उजवीकडे कलली की डावीकडचा दोर ताणला जातो, डावीकडे कलली की उजवीकडचा. दोर फार ओढला तर काठी त्याच बाजूस पडावयाची. अगदी सैल सोडला तर ती दुसरीकडे जावयाची. केव्हा ओढावे आणि केव्हा सोडावे, हे ज्याला कळते त्याच्यामुळेच काठी उभी राहते. पुष्कळांना त्याचे नावही ठाऊक नसते.

खेळाच्या जगातही असे दोर धरणारे असतात. त्यांना कोणी गुरू म्हणतो, कोणी प्रशिक्षक म्हणतो. कोल्हापूरच्या तालमींत त्यांना ‘वस्ताद’ हा मानाचा शब्द आहे.

कोल्हापूर ही मल्लांची भूमी. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला उदार आश्रय दिला, तालमी उभारल्या आणि १९१२ साली खासबागेचे भव्य मैदान तयार करविले. तांबड्या मातीच्या हौद्यात पोरसवदा मुले उतरत आणि वस्तादाच्या नजरेखाली डावपेच शिकत. याच परंपरेत खाशाबा जाधव वाढले. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. परंतु तेथवर जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ते पदक खाशाबांच्या छातीवर झळकले. पण त्या काठीचा एक दोर आपले घर गहाण टाकणाऱ्या एका शिक्षकाच्या हातात होता.

पुढे काळ बदलला. तालमीच्या गावात नेमबाजीचा नवा खेळ रुजला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्यूनिक येथे पन्नास मीटर रायफल नेमबाजीत जगज्जेतेपद मिळविले. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदकाची मानकरी झाली. तरीही खाशाबांनंतर ऑलिंपिकमधील वैयक्तिक पदक काही महाराष्ट्राच्या वाट्याला येत नव्हते. वर्षांमागून वर्षे गेली. ते पदक आले तेव्हा बहात्तर वर्षे उलटली होती, आणि त्यामागचा दोर एका स्त्रीच्या हातात होता. तिचे नाव दीपाली देशपांडे.

दीपाली देशपांडे यांचा जन्म १९६९ सालचा. त्या स्वतः उत्तम नेमबाज होत्या. त्या काळी महाराष्ट्रात संजय चक्रवर्ती हे नेमबाजीचे थोर गुरू होते. त्यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे अशा एकाहून एक सरस नेमबाज तयार झाल्या. २००४ साली क्वालालंपूर येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दीपालीताईंनी पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात रौप्यपदक पटकाविले. त्याच वर्षी अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये अंजली, सुमा आणि दीपाली या तिघीही भारतातर्फे उतरल्या.

ऑलिंपिकच्या मैदानावर उभे राहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. त्यांतूनही पदक लाभणारे आणखी थोडे. अथेन्समध्ये दीपालीताईंना अंतिम फेरी गाठता आली नाही. पुष्कळ खेळाडूंची कहाणी अशा ठिकाणी संपते. बंदूक पेटीत जाते आणि आठवणी तेवढ्या उरतात. दीपालीताईंनी मात्र निराळा मार्ग धरला. स्वतः जे शिकलो ते पुढच्या पिढीला शिकवावे, या हेतूने त्या प्रशिक्षक झाल्या. भारताच्या उगवत्या नेमबाजांना त्यांनी रायफलचे धडे दिले. चंडीगढची अंजुम मौदगिल ही त्यांची शिष्या. तिने २०१८ साली कोरियातील चांगवॉन येथे जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले.

नेमबाजी शिकविणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी तो खेळ थोडा जाणून घेतला पाहिजे. पन्नास मीटर अंतरावर कागदाएवढे एक लक्ष्य असते. त्यावर वर्तुळात वर्तुळे असतात. अगदी आतल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. एवढ्या दुरून डोळ्यांना तो ठिपकाही धड दिसत नाही. त्यावर नेम धरावयाचा, आणि तोही तीन प्रकारांनी : प्रथम गुडघ्यावर बसून, नंतर पालथे पडून आणि शेवटी उभे राहून. प्रत्येक स्थितीत वीस, अशा साठ गोळ्या प्राथमिक फेरीत झाडाव्या लागतात. त्यांतून फक्त आठ जण अंतिम फेरीत जातात.

तिन्हींत उभी स्थिती सर्वांत कठीण. पालथे पडल्यावर जमिनीचा आधार असतो, गुडघ्यावर बसल्यावर पायाचा असतो. उभे राहिल्यावर मात्र सहा-सात किलो वजनाची रायफल केवळ शरीराच्या तोलावर स्थिर ठेवावी लागते. श्वास घेताना आणि सोडताना नळी वरखाली होते. हृदयाचा एक ठोका पडला तरी नेम हलतो. वाऱ्याची झुळूक आली तर गोळी बाजूला सरते. म्हणून मैदानात लहान निशाणे लावलेली असतात आणि नेमबाजाला त्यांच्याकडेही लक्ष ठेवावे लागते. चाप ओढण्याचा क्षण एकच असतो. तो घाईने साधत नाही आणि फार वाट पाहिली तर हातून निसटतो.

अशा खेळात गुरूचे काम फार नाजूक असते. पाय किती अंतरावर ठेवावेत, कोपर कोठे टेकावे, गाल दस्त्याला कसा लागावा, श्वास कोठे रोखावा, या गोष्टी दिसावयास लहान. परंतु केसाएवढा फरक पडला तरी पन्नास मीटरवर तो बोटभर होतो. म्हणून गुरूला शिष्याच्या मागे तासन्‌तास उभे राहून पाहावे लागते. कोणाला शब्दाने सांगावे, कोणाला नुसते पाहू द्यावे, कोणाला आज विश्रांती द्यावी, हे ओळखावे लागते. आणि एवढे करूनही स्पर्धेच्या वेळी गुरूला मागेच थांबावे लागते. शिष्याचा हात धरता येत नाही, चाप ओढता येत नाही. त्या क्षणी शिष्य एकटा असतो. तो एकटा असताना डगमगू नये, एवढ्यासाठीच आधीची सारी वर्षे खर्ची पडलेली असतात.

दीपालीताईंच्या शिष्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील एक मुलगा होता. त्याचे नाव स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे त्याचे लहानसे गाव. हा प्रदेश डोंगराळ आणि भरपूर पावसाचा. ६ ऑगस्ट १९९५ रोजी स्वप्नीलचा जन्म झाला. त्याचे वडील शिक्षक. मुलाची खेळाची ओढ पाहून त्यांनी २००९ साली त्याला महाराष्ट्र शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत दाखल केले. तेथे पहिले वर्ष शरीर कसण्यात गेले. मग एक खेळ निवडावयाचा होता. स्वप्नीलने नेमबाजी निवडली.

त्याची प्रगती एका रात्रीत झाली नाही. २०१५ साली तो मध्य रेल्वेत नोकरीस लागला. प्रवाशांची तिकिटे तपासणे हे त्याचे काम. नोकरी आणि सराव असा क्रम चालू राहिला. पुण्याच्या बालेवाडीत तासन्‌तास सराव करावा, स्पर्धांना जावे, कधी जिंकावे, कधी हरावे, असे दिवस जात होते. २०१६ चे रिओ ऑलिंपिक झाले, २०२१ साली टोकियोचे झाले. स्वप्नील त्यांत नव्हता. त्या दोन्ही ऑलिंपिकमधून भारतीय नेमबाज पदकाविना परतले. अशा काळात गुरूला दोन धीर सांभाळावे लागतात : एक शिष्याचा आणि दुसरा स्वतःचा.

२०२२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत स्वप्नील चौथा आला. पदक हुकले, परंतु त्याने भारतासाठी पॅरिस ऑलिंपिकची एक जागा मिळविली. पुढच्या वर्षी चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. सांघिक प्रकारात स्वप्नील, ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि अखिल शेओरान यांनी सुवर्णपदक जिंकले. त्याच दिवशी वैयक्तिक अंतिम फेरीत स्वप्नील पदकाच्या अगदी जवळ पोहोचला होता. उभ्या स्थितीत शेवटच्या काही गोळ्या राहिल्या होत्या. इतक्यात एक गोळी भरकटली. तिला अवघे ७.६ गुण मिळाले. हाती आलेले पदक निसटले आणि स्वप्नील पुन्हा चौथा आला.

एका गोळीने इतक्या वर्षांचे श्रम वाया गेल्यासारखे वाटावे, असा तो क्षण होता. परंतु नेमबाजीचा नियम असा की, सुटलेली गोळी परत येत नाही. हातात असते ती पुढची गोळी. मागच्या गोळीचे दुःख मनात घेऊन पुढचा नेम धरला तर तोही चुकतो. हा धडा पुस्तकातून शिकता येत नाही. तो सरावातच, पुन्हा पुन्हा चुकून आणि पुन्हा पुन्हा सावरून, अंगी बाणवावा लागतो.

२०२४ चा जुलै महिना संपत आला. पॅरिस ऑलिंपिकमधील नेमबाजीचे सामने शातोरू या गावी सुरू झाले. २९ जुलै रोजी दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत अर्जुन बबुता हा भारतीय नेमबाज उतरला. तोही दीपालीताईंचाच शिष्य. त्याने शर्थ केली. पण तो चौथा आला. पदकाच्या आणि त्याच्यामध्ये एकच पायरी उरली. गुरूच्या मनाला केवढी हुरहुर लागली असेल! परंतु दुसऱ्या शिष्याची पाळी अजून यावयाची होती.

प्राथमिक फेरीत स्वप्नीलने ६०० पैकी ५९० गुण मिळविले आणि सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत प्रवेश केला. १ ऑगस्ट २०२४ रोजी ती अंतिम फेरी झाली. गुडघ्यावर बसून झाडलेल्या पंधरा गोळ्यांत त्याला १५३.३ गुण मिळाले. पालथे पडून झाडलेल्या पंधरा गोळ्यांनी त्यांत १५६.८ गुणांची भर घातली. तीस गोळ्यांनंतर एकूण गुण झाले ३१०.१. अद्याप तो पहिल्या तिघांत नव्हता. आता उभी स्थिती आली. हांगचौला जेथे घात झाला होता, तीच ही स्थिती.

स्वप्नीलने घाई केली नाही. शेजारचे काय करतात, फलकावर कोणाचे नाव कितवे आहे, याकडे त्याने लक्ष दिले नाही. एकेक गोळी तो जणू पहिलीच असल्याप्रमाणे झाडीत गेला. दहा गोळ्या झाल्या आणि तो तिसऱ्या क्रमांकावर आला. मग एकेका गोळीनंतर एकेक स्पर्धक गळू लागला. एक गोळी ९.४ गुणांची गेली. परंतु तो डगमगला नाही. अखेर तिघेच उरले. चीनचा लिऊ युकुन, युक्रेनचा सेर्ही कुलिश आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. ४५१.४ गुणांवर स्वप्नीलने कांस्यपदक निश्चित केले. या प्रकारात ऑलिंपिक पदक जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. खाशाबांच्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीत पुन्हा तसा आनंद झाला. कांबळवाडीपासून कोल्हापूरच्या पेठांपर्यंत गुलाल उधळला गेला.

पदक जिंकल्यावर स्वप्नीलने आपल्या गुरूंचे स्मरण केले. दीपालीताई आपल्याला दुसऱ्या आईप्रमाणे आहेत, असे त्याने कृतज्ञतेने सांगितले. तोंडपाठ केलेल्या स्तुतीच्या चार शब्दांपेक्षा या एका वाक्याचे मोल मोठे आहे. आई मुलाचा हात धरते ते त्याला चालता यावे म्हणून. आणि एक दिवस तो हात आपण होऊन सोडते. गुरूही तेच करतो.

भारत सरकार थोर प्रशिक्षकांचा द्रोणाचार्य पुरस्काराने गौरव करते. १९८५ पासून हा पुरस्कार दिला जात आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात राष्ट्रीय क्रीडापुरस्कारांचा समारंभ झाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत द्रोणाचार्य पुरस्कारासाठी दीपाली देशपांडे यांचे नाव होते आणि अर्जुन पुरस्कारासाठी स्वप्नील कुसाळे याचे. गुरू आणि शिष्य यांचा गौरव एकाच वर्षी व्हावा, असा योग क्वचितच येतो.

दीपालीताईंचे गुरू संजय चक्रवर्ती यांनाही पूर्वी द्रोणाचार्य पुरस्कार लाभला होता. शिष्येचा हा सन्मान पाहण्यास ते राहिले नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. पण विद्येचा एक गुण असा आहे की, ती देणाऱ्याच्या मागेही चालू राहते. चक्रवर्तींनी जे दीपालीताईंना दिले, ते दीपालीताईंनी स्वप्नीलला दिले. आज कोल्हापुरात किंवा बालेवाडीत एखादी लहान मुलगी पहिल्यांदा रायफल हाती घेत असेल, तर तीही याच माळेतील पुढचा मणी आहे.

दीपालीताई २००४ साली अथेन्सला गेल्या आणि पदकाविना परतल्या. बरोबर वीस वर्षांनी त्यांच्या शिष्याच्या गळ्यात ऑलिंपिकचे पदक पडले. या वीस वर्षांत पदकांहून अपयशेच अधिक आली असतील. ज्याला केवळ स्वतःच्या यशाची आस असते, तो अशा प्रवासात मध्येच थकतो. दुसऱ्याच्या यशात ज्याला आपले यश दिसते, तोच इतकी वाट चालू शकतो. विजयाच्या क्षणी टाळ्या वाजवाव्यातच. परंतु टाळ्या वाजविताना क्षणभर मान वळवून मागेही पाहावे. तेथे कोणीतरी शांतपणे उभे असते, आणि त्याच्या तळहातांवर दोराचे वळ उमटलेले असतात.

शब्दार्थ

वेळू – बांबू. पोरसवदा – लहान वयाचा. मानकरी – सन्मान मिळविणारा. दस्ता – बंदुकीचा खांद्याला टेकविण्याचा लाकडी किंवा धातूचा भाग. चाप – बंदुकीची गोळी सोडण्यासाठी ओढावयाची कळ. अंगी बाणवणे – स्वतःत पूर्णपणे भिनविणे. शर्थ करणे – सर्व शक्ती पणास लावणे. वळ – घट्ट आवळल्याने किंवा माराने उमटलेली खूण.

स्वाध्याय

१. सासनकाठीचे दोर धरणाऱ्यांना कोणती गोष्ट कळावी लागते?

२. प्राचार्य खर्डेकरांनी काय केले? त्यांना या पाठात स्थान का दिले असावे?

३. नेमबाजीच्या तीन स्थितींपैकी उभी स्थिती सर्वांत कठीण का?

४. ‘सुटलेली गोळी परत येत नाही, हातात असते ती पुढची गोळी.’ हे वाक्य तुमच्या अभ्यासाला किंवा खेळाला कसे लागू पडते, ते पाच-सहा ओळींत लिहा.

५. स्वप्नीलला तीस गोळ्यांत ३१०.१ गुण मिळाले. एका गोळीस सरासरी किती गुण पडले? एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात, हे ध्यानात घेऊन त्याचा नेम कसा होता ते सांगा.

६. पुढील शब्दांचे लिंग बदला : शिष्य, मुलगा, मानकरी, आई.

७. तुमच्या गावात खेळ, गायन, शेती किंवा एखादी कला शिकविणारी एखादी व्यक्ती असेल. तिला भेटा, तिचे काम पाहा आणि तिच्याविषयी दहा वाक्ये लिहा.